शेवंतीच्या वाट्याचा अंधार

हातातला चहा निवायच्या आत गाळणीनं वैजयंताबाईंचा अर्ज परत केला.

तालुक्याच्या कोर्टात शिरल्याबरोबर उजव्या हाताला ती बसवलेली होती. कागदोपत्री तिचं नाव ‘पुनरावृत्ती छाननी यंत्रणा’ असं भारदस्त होतं, पण एवढं नाव घेत बसायला कोर्टात आलेल्या माणसाला सवड कुठली? लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं ‘गाळणी’ करून टाकलं. वैजयंता झेंडे यांनी काचेवर अर्ज ठेवला, अंगठा टेकवला, कॅन्टीनच्या चहाचा पहिला घोट घेतला, तोवर पडद्यावर अक्षरं उमटलीसुद्धा.

‘हा विषय पूर्वी निकाली निघाला आहे. अर्जात नवे तथ्य आढळले नाही. यापुढे या विषयावर न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय अर्ज दाखल करता येणार नाही.’

“म्हंजे?” बाईंनी पडद्यालाच विचारलं.

“म्हंजे शिक्का बसला,” मागून उत्तर आलं. चासकर उभे होते. भावाच्या सीताफळाची फांदी यांच्या कुंपणात आली म्हणून त्यांनी पहिला दावा लावला होता. तो हरल्यावर फांदीवरून, मग फांदीच्या सावलीवरून, मग निकाल देणाऱ्या न्यायाधीशांवरूनच अर्ज केले. “मला गेल्या साली बसला. वाक्यं उलटीपालटी करून बघितली. भाऊ लिहायचं तिथं गृहस्थ लिहिलं. पठ्ठी ऐकत न्हाई. तुमचं कितवं?”

वैजयंताबाईंनी परत आलेला अर्ज घडी करून पिशवीत घातला. त्यांना अर्ज परत आल्याचं जेवढं लागलं, त्याहून जास्त आपण चासकरांच्या रांगेत बसलो याचं लागलं. आणि गंमत म्हणजे ही गाळणी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. एके काळी चासकरांची प्रकरणं पुकारता पुकारता दिवस मावळायचा आणि बाई नुसती तारीख घेऊन घरी यायच्या. गाळणीमुळे कोर्ट मोकळं झालं, खऱ्या गरजूला महिन्याभरात सुनावणी मिळू लागली. वकील न लावता स्वतःच बाजू मांडणारी माणसं तर तिला दुवा देत होती. ती आपल्यालाही गाळेल, हे बाईंच्या डोक्यात आलंच नव्हतं.

गाळणीचं काम तसं सरळ होतं. ती शब्द मोजत नसे. अर्जातून ती घडलेल्या गोष्टी वेगळ्या काढी: कुणी, काय, कुठं, केव्हा केलं, त्यानं कुणाचं काय बिघडलं आणि आता मागणी काय आहे. या गोष्टींची एकमेकींशी सांगड घालून ती एक नकाशा तयार करी आणि आधी निकाल लागलेल्या सगळ्या नकाशांवर तो ठेवून बघे. भाषा बदलली, क्रम बदलला, तरी नकाशा तोच राही. चासकरांची डाळ शिजत नव्हती ती म्हणूनच. उलट, एखादी गोष्ट खरोखर नव्यानं घडलेली असली, तर नकाशाचा आकार बदले आणि अर्ज थेट पुढं जाई. खरंखोटं ठरवणं तिच्या हातात नव्हतं, ते काम न्यायाधीशांचं. आणि अर्जात लिहिलेलं नाही ते तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

बाईंचं दुखणं शेवंतीचं होतं. पुरंदरच्या पायथ्याशी त्यांचं रान, त्यात नवऱ्यानं हौसेनं जपलेली जुनी पिवळी शेवंती. नवरा गेला, मुलगी पुण्याला गेली, शेवंती राहिली. रानाच्या पूर्वेला ‘हरितपर्ण’ नावाच्या कंपनीनं दिव्यांची शेती मांडली होती. तिथं माती नाही, ऊन नाही. मांडण्यांवर मांडण्या, आणि लाल-निळ्या दिव्यांखाली रात्रंदिवस वाढणारी पालेभाजी. पालेभाजीला तो उजेड मानवतो. शेवंतीचं मात्र उलटं आहे. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. तिच्या पानात एक रंगकण असतो, तो लाल उजेडात जागा राहतो आणि अंधारात हळूहळू निजतो. रात्री लांबल्या, तो पुरेसा निजला, की झाड समजतं, हिवाळा आला, आता कळ्या धरायच्या. मध्येच लाल उजेड पडला की त्याची झोप मोडते. झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते नुसती पानं फुटवत बसतं.

कंपनी आली त्याच वर्षी बहर बुडाला. केतकी, बाईंची मुलगी, तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आईसाठी अर्ज लिहून दिला. तो वाचून तेव्हाचे न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले होते, “इतका नेटका अर्ज मुरलेल्या वकिलांकडूनही येत नाही.” बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण दावा त्या हरल्या. शेतकी कॉलेजच्या तज्ज्ञांनी बांधावर उजेड मोजला, तो कळ्या अडवण्याइतका निघाला नाही. लागवडीला उशीर आणि लांबलेली उष्णता ही कारणं त्यांनी दिली. बाईंना ते कधीच पटलं नाही. पुढं बहर हुकला की त्या तोच अर्ज काढत, तारीख बदलत आणि दाखल करत. गाळणी बसल्यापासूनची मात्र ही पहिलीच खेप होती.

गेल्या दोन हंगामांत तर फूल असं नावालाच आलं होतं. ‘हरितपर्ण’चे व्यवस्थापक बोपर्डीकर मोठ्या अदबीनं घरी येऊन रान विकत मागून गेले होते. “काकू, आमचं काही दडपण नाही,” म्हणत त्यांनी चहाही घेतला होता. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, “यंदा बहर आला न्हाई, तर सही करीन.” दिलेला शब्द त्या मोडणार नव्हत्या. आता नवरात्र तोंडावर आलं होतं. दोन-तीन आठवड्यांत कळ्या धरल्या तर धरल्या, नाहीतर नवऱ्यानं जपलेली ती शेवंती आणि रान दोन्ही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा भरला आणि पुण्याची एसटी धरली. केतकी आता जिल्ह्याच्या छाननी कक्षात अधिकारी होती. गाळणीवर देखरेख ठेवणारा तो कक्ष. घरचंच माणूस आत असताना शिक्का पुसायला कितीसा वेळ लागतो, असा बाईंचा साधा हिशेब होता.

केतकीनं आईला मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“आई, नातेवाइकाचं प्रकरण माझ्या पडद्यावर दिसतच नाही. बंद होतं ते.”

“मग उघड की.”

“उघडता येत नाही. आणि येत असतं, तरी उघडलं नसतं.”

“मी आई हाय तुझी.”

“म्हणूनच. उद्या चासकरांचा भाचा इथं लागला, तर?”

बाईंचा चेहरा उतरला. केतकीला ते दिसलं, तिचाही आवाज खाली आला. “मदतीच्या खिडकीवर वकील नसलेलं जे कुणी येतं, त्याला आम्ही एक गोष्ट सांगतो. तेवढीच तुला सांगू शकते. जिथं घडलं तिथं उभं राहायचं आणि अर्ज मोठ्यानं वाचायचा.”

“वाचायचा? मला तो आरतीसारखा पाठ हाय.”

“मग पाठ म्हण. पण तिथं उभी राहून म्हण.”

“साऱ्या जगाला सांगतीस, तेच मला? वा गं वा!” बाई उठल्या. “तुझ्या अर्जाचं साहेबांनी कौतुक केलं, तवा गावभर पेढे वाटले मी. आन् आज तू मला नियम शिकवतीस. बरं झालं, तुझे वडील न्हाईत बघायला.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि बाईंना स्वतःलाच ते झोंबलं. पण मागं घेण्याचा स्वभाव नव्हता. त्या तरातरा निघाल्या. भरलेला डबा तेवढा बाकावर ठेवून आल्या. राग वेगळा आणि पोरीचं जेवण वेगळं.

गावात उतरून त्या परस्पर रानात गेल्या. दिवेलागण होत होती. ठिबक बंद करायचं होतं, पण खरं म्हणजे घरात पाऊल टाकायची इच्छा नव्हती. बांधावर उभ्या राहून त्यांनी फणकाऱ्यानं पदर खोचला. म्हणे तिथं उभी राहून म्हण. घे, म्हणते. उद्या फोन करून सांगते, तेही करून झालं म्हणून. त्यांनी पूर्वेकडं तोंड केलं आणि शाळेत कविता म्हणावी तशा खड्या आवाजात सुरुवात केली.

“वादी ही सदर गावची रहिवासी असून फुलशेती करते. प्रतिवादी कंपनीने वादीच्या शेताच्या पूर्वेस पत्र्याची एकमजली इमारत उभारली असून, तिच्या छताजवळील झरोक्यांतून…”

बाई थांबल्या.

समोर चार मजले उभे होते. पत्र्याची शेड कधीच मोडली होती. दोन वर्षांमागं तिथं नवी इमारत चढली, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच लागली, आणि त्या काचेतून आलेला जांभळट लाल उजेड या क्षणी बाईंच्या लुगड्यावर पडला होता. झरोका औषधालाही नव्हता. हे सगळं त्यांना काय माहीत नव्हतं? रोज दिसत होतं. रोज त्या इमारतीला शिव्या घालून त्या झोपत होत्या. अर्जात मात्र त्यातलं अक्षर नव्हतं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, मधलं काही गाळलं असेल म्हणून. एकमजली. झरोके. नवऱ्याच्या आजारपणाचा उल्लेख, नवरा तेव्हा जिवंत होता. केतकीनं जे लिहिलं ते त्या दिवसाचं खरं होतं. त्यातला एक शब्द इकडचा तिकडं करायचा म्हणजे पोरीच्या हुशारीवर रेघ ओढायची, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. त्यामुळे त्या दर खेपेला चार मजल्यांचं दुःख घेऊन जात होत्या आणि एका मजल्याचं गाऱ्हाणं मांडून येत होत्या.

त्या मटकन बांधावरच बसल्या. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. पोरीला जे बोललो ते आठवलं आणि जीभ हासडावीशी वाटली. पहिल्या वर्षी, नवऱ्याच्या दवाखान्यापायी, लागवडीला उशीर झाला होता हेही आत्ता पहिल्यांदा मान्य करावंसं वाटलं. तज्ज्ञ माणूस खरंच बोलत होता.

उठता उठता त्यांची नजर पंपघराकडं गेली. विहिरीवरच्या त्या खोपटानं काचेचा उजेड अडवला होता, आणि त्याच्या मागं काळोखाचा एक पट्टा रानात पडला होता. बाई त्या पट्ट्यात शिरल्या, शेंड्यांवरून बोटं फिरवली. बारीक, टणक, मोहरीएवढ्या कळ्या हाताला लागल्या. पट्ट्याबाहेरचे शेंडे चाचपले. नुसती पानं.

सकाळी त्यांनी अर्ज लिहिला, परवानगी मागणारा, एक पानी. ‘वादी’ नाही, ‘सदर’ नाही. जे दिसलं ते. लिहायला वेळ लागला, पण एकदाही अडलं नाही.

गाळणीनं या खेपेला क्षणभर जास्त वेळ घेतला. ‘नवी तथ्ये आढळली. हंगामाचा विषय असल्याने तातडीच्या सुनावणीसाठी पाठवत आहे.’ रांगेत मागं चासकर होते. “काय जादू केली?” त्यांनी विचारलं.

“सीताफळाखाली जाऊन उभं ऱ्हावा आन् मोठ्यानं वाचा,” बाई म्हणाल्या. चासकरांना ती थट्टा वाटली.

न्यायाधीश सबनीस मॅडम तरुण होत्या, पण त्यांच्यासमोर कुणी लांबण लावत नसे. एका बाजूला वैजयंताबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि बोपर्डीकर. मॅडमनी बाईंचं पान वाचलं, मग कंपनीचं उत्तर वाचलं, मग उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“बोपर्डीकर, तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?”

“चौथ्या, मॅडम.”

“तुमच्या उत्तरात लिहिलंय, ‘प्रतिवादीची इमारत एकमजली असून झरोके बंदिस्त आहेत.’ मग तुम्ही बसता कुठं? हवेत?”

कोर्टात हशा पिकला. बोपर्डीकरांचे कान लाल झाले. वकिलांनी कागद चाळले. दर वर्षी अर्ज तोच येतो म्हणून त्यांच्या कार्यालयातूनही दर वर्षी तेच उत्तर जात होतं. यंदाचं पान कुणी वाचलंच नव्हतं.

“गाळणी दार वाजवणाऱ्यालाच तपासते, आतून उत्तर देणाऱ्याला नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे मला वर कळवावं लागेल.” मग त्या बाईंकडं वळल्या. “आणि तुम्ही? नवी इमारत उभी राहून दोन वर्षं झाली. मागच्या अर्जांत हे का लिहिलं नाही?”

बाईंनी घरून दहा उत्तरं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडी आलं नाही.

“पहिला अर्ज माझ्या लेकीनं लिहिलेला, साहेब. हितल्याच खुर्चीवरनं त्याचं कौतुक झालेलं. त्यातला शब्द खोडायला हात होईना.”

मॅडमनी बाईंचं पान पुन्हा पुढ्यात ओढलं. मग त्यांनी आदेश सांगायला घेतला. शेतकी कॉलेजच्या तज्ज्ञांनी आजच संध्याकाळी, दिवे चालू असताना, उजेड मोजावा. पंपघरामागची आणि बाहेरची रोपं, दोन्ही बघावीत. उजेड जास्त निघाला तर फुलं तोडून होईपर्यंत कंपनीनं पश्चिमेच्या काचेवर सूर्यास्त ते सूर्योदय काळे पडदे ओढावेत. नुकसानीचा दावा रीतसर चालेल.

“परवानगीची अट मात्र मी काढत नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा यायचं झालं तर नवं काय घडलं ते लिहून आणा. दार उघडेल.”

“ऱ्हाऊ द्या की,” बाई म्हणाल्या. “अट बसली म्हणूनच तर वाचलं मी.”

उजेड जास्त निघाला, चांगलाच जास्त. तिसऱ्या दिवशी पडदे लागले. बोपर्डीकर स्वतः खाली उभे राहून फट कुठं राहिली ते बघत होते, आणि बाईंनी त्यांना बांधावरून हाक मारून एक दाखवलीही. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी रानात काळोख पडला. वैजयंताबाई त्यात बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शेवंतीनं हिशेब सुरू केला असणार, हे त्यांना न बघता कळत होतं.

दिवाळी उलटून गेल्यावर, जरा उशिरानं, पण भरभरून रान पिवळं झालं. बाईंनी केतकीला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, “तोडणीला माणूस कमी हाय.”

ती सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. हातात तो डबा होता. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून भरून आणला होता, करंज्यांनी, आणि करंज्या दुकानातल्या आहेत हे कडेच्या नक्षीवरून स्पष्ट दिसत होतं. बाईंनी नक्षीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी बाकावर जे बोलून गेल्या त्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, तेही जमेना. दोघी रानात आल्या.

“आदेश जाहीर झाला, तेव्हा प्रकरण मलाही दिसायला लागलं,” केतकी म्हणाली. “पण मी अजून वाचलं नाही. इथं वाचायचं ठरवलं होतं.”

तिनं फोनवर ते एक पान उघडलं, बांधावर उभी राहिली आणि पूर्वेकडं तोंड करून मोठ्यानं वाचू लागली. चार मजले आले. काच आली. पंपघरामागच्या कळ्या आल्या. ‘पहिल्या वर्षी लागवडीला उशीर माझ्याकडूनच झाला होता’ हे वाक्य आलं, तेव्हा तिनं आईकडं बघितलं. बाई फुलं खुडण्यात गुंतल्यासारखं दाखवत होत्या. शेवटी नियमाप्रमाणे लिहायचा मजकूर होता, कोर्टात कुणी नातलग नोकरीला असेल तर त्याचा.

“माझी मुलगी केतकी जिल्ह्याच्या छाननी कक्षात नोकरीस आहे. या कामी मी तिच्याकडे जाऊन वशिला मागितला होता. तिने तो लावला नाही. मी तिला नको ते बोलले. तिचे वडील असते तर…”

केतकी तिथंच थांबली. पुढचं तिनं मनातच वाचलं: ‘…त्यांनी पेढे वाटले असते.’

“हे कशाला लिहिलंस गं कोर्टात?” फोन खाली करत तिनं विचारलं.

“घडलं तेच लिहायचं असतंय न्हवं?” बाई म्हणाल्या. मान त्यांनी वर केली नाही. “वाचून झालं असलं, तर ती पाटी घे इकडं. ऊन चढायच्या आत एवढी ओळ झाली पायजे.”

केतकीनं डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून ओढणीच कमरेला बांधली आणि ती ओळीत शिरली.